वाट विचारणारी बाई

(वाशीम येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

शिबिराच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे 'प्रस्तरारोहण' असा भारदस्त शब्द छापला आहे. त्यामुळे दोर, सुळके, सरळसोट कडे असं काही थरारक ऐकायला मिळेल अशी तुमची अपेक्षा असणार. पण मी दोराबद्दल फार बोलणार नाही. गाठी मारायला आणि कातळावर पाय रोवायला शिकवणाऱ्या संस्था आहेत. दार्जिलिंगची संस्था १९५४ सालची, उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था १९६५ सालची. तिथे मुलीही जातात, शिकतात, उत्तम गुणांनी पास होतात. मला बोलायचं आहे ते कड्याच्या पायथ्याशी पोचण्याबद्दल. शेवटच्या एसटी थांब्यापासून कातळाला हात लागेपर्यंत जे दोन-तीन तास चालावं लागतं, त्याबद्दल. हे कोणत्याही अभ्यासक्रमात धड शिकवत नाहीत. ते पुस्तकावरून आणि लोकांना विचारून करायचं असतं. आणि माझा अनुभव असा, की बाईची खरी परीक्षा कातळावर होत नाही, ती या वाटेवर होते.

तुम्ही म्हणाल, वाशीममध्ये कुठे आले कडे? खरं आहे. आपल्याकडे अजिंठ्याच्या रांगेचे फाटे आहेत, टेकड्या आहेत, बरड आहे. काटेपूर्णा इथे उगम पावते, दक्षिणेच्या अंगानं पैनगंगा वाहते. सह्याद्रीसारखी हजार-दीड हजार फुटांची भिंत इथे नाही. पण दगड तोच आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचले, त्यातून झालेला हा काळा कातळ नाशिकला आहे तोच मानोऱ्याला आहे. कठीण थर उभा राहतो, त्याचा कडा होतो. मऊ थर झिजतो, त्याचा उतार किंवा सपाटी होते. डोंगरात फिरणारी माणसं या सपाटीला 'पदर' म्हणतात. कडा, पदर, पुन्हा कडा. सह्याद्रीतल्या वाटांचं सगळं गणित या एका गोष्टीवर आहे: पदरात कुठून शिरायचं आणि पदरातून आडवं कुठवर जायचं.

हे गणित लिहून ठेवणारी पुस्तकं आहेत. हरीश कपाडियांचं इंग्रजीतलं 'ट्रेक द सह्याद्रीज', मराठीत 'सांगाती सह्याद्रीचा', प्र. के. घाणेकरांची पुस्तकं. या पुस्तकांचे आपल्यावर उपकार आहेत. सर्व्हे ऑफ इंडियाचे तपशीलवार नकाशे पूर्वी सामान्य माणसाला सहज मिळत नसत. समुद्रकिनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरचा पट्टा संरक्षणाच्या कारणानं प्रतिबंधित होता, आणि सह्याद्रीचा मोठा भाग नेमका त्या पट्ट्यात येतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर, आणि पुढे फेब्रुवारी २०२१ च्या नव्या नियमांनंतर हे पुष्कळ मोकळं झालं. तोवर लोकांनी पायानं चालून, हातानं आराखडे काढून, शब्दांत वाटा लिहिल्या. शब्दांत लिहिलेली वाट हाच आपला नकाशा होता.

अशी वाट कशी लिहिलेली असते? नमुना म्हणून माझ्याच शब्दांत सांगते: 'गावाबाहेर पडल्यावर मळलेली वाट सोडून डावीकडची ढोरवाट धरावी. ओढा दोनदा ओलांडल्यावर आंब्याचे झाड लागते. तेथून पाऊण तासात पदरात पोचता येते. वाट चुकण्याची शक्यता असल्याने गावातून वाटाड्या घ्यावा.'

वाचायला किती सोपं! पण मुलींच्या तुकडीला घेऊन मी जेव्हा जाते, तेव्हा आधी घरी बसून आम्ही या चार वाक्यांना चार प्रश्न विचारतो. ते तुम्हीही लिहून घ्या, कारण ते फक्त डोंगराला लागू नाहीत.

पहिला प्रश्न: डावं म्हणजे कोणाचं डावं? लोणावळ्याच्या दक्षिणेला तैलबैला म्हणून जागा आहे. पठारावर दोन प्रचंड भिंती उभ्या, मध्ये खिंड. प्रस्तरारोहण करणारे तिथे नेहमी जातात. आता एका अंगानं पाहिलं तर जी भिंत डावी, तीच पलीकडच्या अंगानं, कोकणातून वर येणाऱ्याला उजवी. लिहिणारा कुठे उभा होता ते कळल्याशिवाय 'डावी भिंत' या शब्दांना अर्थ नाही. ओढ्याचंही तेच. ओढ्याची डावी बाजू म्हणजे पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून डावी. चढणाऱ्या माणसाचं तोंड उलट असतं. म्हणून पुस्तकातलं प्रत्येक डावं-उजवं आम्ही आधी पूर्व-पश्चिमेत बदलून घेतो. छोटं होकायंत्र प्रत्येकीच्या गळ्यात असतं, एकीच्याच नव्हे.

दुसरा प्रश्न: पाऊण तास कोणाचा? लिहिणारे बहुधा तीन-चार तरुण, पाठीवर हलकं ओझं, डोंगराची सवय. आमच्या तुकडीत कधी बारा जणी असतात, त्यात एखादी पन्नाशीची. मग पहिल्या टप्प्यावर घड्याळ लावायचं. पुस्तकात अर्धा तास आहे आणि आपल्याला पाऊण लागला, म्हणजे पुढचा सगळा हिशेब दीडपट. पुस्तकातले चार तास म्हणजे आपले सहा. तो हिशेब तिथेच, पहिल्या टप्प्यावर बसून करायचा, आणि परतीच्या गाडीशी जुळत नसेल तर तिथेच ठरवायचं. यात कमीपणा काही नाही. आपली चाल ही आपली चाल आहे.

तिसरा प्रश्न: खूण टिकणारी आहे का? झाड तुटतं, विहीर बुजते, घराला पत्र्याऐवजी स्लॅब पडतो. खिंड, डोंगराची धार, दोन ओढ्यांचा संगम या खुणा शंभर वर्षं हलत नाहीत. वाचताना दोन्ही प्रकारच्या खुणा वेगळ्या शाईनं अधोरेखित करायच्या आणि भिस्त दुसऱ्या प्रकारावर ठेवायची.

चौथा प्रश्न: लिहिणारा कोणत्या महिन्यात गेला होता? डिसेंबरात ठळक दिसणारी वाट सप्टेंबर-ऑक्टोबरात छातीएवढ्या गवतात नाहीशी होते. जानेवारीत काठोकाठ भरलेलं टाकं मे महिन्यात कोरडं असतं.

आणि एक नियम. प्रत्येक फाट्यावर थांबून मागे वळून पाहायचं, कारण परत येताना दिसणारा डोंगर वेगळाच असतो. लागोपाठ दोन खुणा पटल्या नाहीत तर पुढे रेटायचं नाही, शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत परत जायचं.

इथवर तंत्र झालं. आता ज्यासाठी मी हा विषय घेतला त्याकडे येते.

ही पुस्तकं वाचताना पानोपानी जाणवतं, की वाचणारा पुरुष आहे असं गृहीत धरलेलं आहे. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. लिहिणाऱ्याला दुसरा वाचक सुचलाच नाही. 'मुक्कामाची सोय: गावातील मंदिरात १५ जण झोपू शकतात.' मैत्रिणींनो, त्या मंदिराला दार आहे का? आतून कडी आहे का? उजेड आहे का? रात्री तिथे कोण येऊन बसतं? पाळी आलेल्या मुलीला गाव त्या मंदिरात झोपू देईल का? शौचाला जायची जागा किती लांब? यातलं एक अक्षर लिहिलेलं नसतं, आणि याच माहितीवाचून घरचे मुलींना पाठवत नाहीत. ओव्हरहँग किती फुटांचा आहे हे पुस्तकात असतं. कडी आहे की नाही हे नसतं.

'शेवटची एसटी चुकल्यास फाट्यावर ट्रकला हात करावा.' हे वाक्य कोणासाठी आहे ते सांगायला नको. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. चांगलं झालं, आमच्या सहलींचा खर्च उतरला. पण गाडी किती वाजता सुटणार हे आपल्याला विचारून ठरत नाही. तिकीट अर्धं झालं तरी संध्याकाळची फेरी नसेल तर बाई फाट्यावरच उभी राहते.

आणि सर्वांत आवडतं वाक्य: 'गावात पारावर चौकशी करावी.' पारावर कोण बसलेलं असतं? आम्ही पारावर विचारतो तेव्हा वाट सांगायच्या आधी प्रश्न येतो, 'सोबत कोणी माणूस नाही का?' आम्ही बारा जणी उभ्या असतो, पण माणूस कोणी नाही! दुसरा प्रश्न, 'तिकडे काय आहे बायकांचं?' शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' हे मुंबईतल्या बायकांबद्दलचं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की बाई रस्त्यावर दिसली तर तिला काहीतरी काम असलं पाहिजे, विनाकारण बाहेर असण्याचा हक्क तिला दिलेलाच नाही. जे मुंबईच्या रस्त्यावर, तेच डोंगरातल्या पायवाटेवर. डोक्यावर मोळी असली तर कोणी हटकत नाही. खांद्यावर दोर असला की चौकशी सुरू.

मग आम्ही विचारायची जागा बदलली. पारावर न जाता आम्ही पाण्यावर जातो. हातपंप, विहीर, नळ. अंगणवाडी सेविका, आशाताई, बचत गटाची अध्यक्ष यांचं घर विचारतो. तुम्ही सगळ्या गटांतून काम करता, तुम्हांला हे जाळं ठाऊकच आहे. तिथेही आधी उलटतपासणी होते. कुठल्या, कोणाच्या, जेवलात का. पण मग जी वाट सांगतात ती फार नेमकी असते. कारण त्या वाटेनं रोज कोण जातं? पुस्तकातला 'वाटाड्या' शब्दच पुल्लिंगी आहे. परंतु सरपणाला, पाण्याला, गुरांमागे, करवंदं-हिरडे गोळा करायला, माहेरी जायला डोंगर तुडवते ती बाई. सह्याद्रीत ठाकर, कातकरी, महादेव कोळी बायका, मेळघाटात कोरकू, आपल्याकडे तांड्यावरच्या बंजारा बायका. डोंगराचा खरा नकाशा त्यांच्या पायांत आहे.

एकदा आम्ही एका कड्याकडे निघालो होतो. पुस्तकात आंब्याच्या झाडापासून वर चढायला सांगितलं होतं. ओढा दोनदा ओलांडला, पण आंबा कुठे दिसेना. आम्ही नियमाप्रमाणे थांबलो. तेवढ्यात वरून मोळी घेऊन एक बाई उतरली. तिला विचारलं. ती म्हणाली, 'आंबा दोन सालांमागं वादळात पडला. आणि ह्या वाटेनं जाऊ नका, वर दरड आली आहे. आम्ही आता वरल्या अंगानं येतो.' मोळी तिथेच टेकवून ती आमच्यासोबत निघाली. पदर आल्यावर तिनं कड्याच्या छपरीखाली लोंबणारी आग्यामोहोळं दाखवली. 'इथं विडी-काडी, धूर, अत्तर काही नको, गुपचूप पलीकडं सरका.' ही सूचना आमच्या पुस्तकात नव्हती, आणि आग्यामाश्या उठल्या तर दोरावर लटकलेल्या माणसाला पळायला जागा नसते.

आमच्यातली एक मुलगी चढायला लागली तेव्हा ती खाली बसून पाहत राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. मग मला विचारलं, 'हिला घरून सोडलं कसं?' मैत्रिणींनो, हा प्रश्न मला पुण्यात विचारतात, मुंबईत विचारतात, इथे वाशीमला परवाच एकीनं विचारला. मी तिला म्हटलं, तुम्ही कधी कड्यावर गेला आहात का? ती हसली. 'वर काय आहे? सरपण तर खालीच मिळतं.' तिच्या हसण्यात दुःख शोधायला मी जाणार नाही. तिनं सांगितलं ते तिच्या दिवसाचं गणित होतं.

निघताना आम्ही तिला वाटाड्याचे पैसे दिले. ती घेईना. 'वाट दाखवायचे कसले पैसे?' त्याच गावातले पुरुष त्याच कामाचे रोख पैसे घेतात, आणि ते घेतातच, योग्यच आहे. आम्ही तोच दर दिला आणि आग्रहानं दिला. बायकांचं घरातलं काम मोजलं जात नाही, हे आपण भाषणांतून सांगतो. तिच्या ज्ञानाचंही तेच होतं. ती सांगते ती 'माहिती', आणि पुस्तकात छापली की तिचं 'संशोधन' होतं. आमच्या वहीत त्या वाटेच्या शेवटी तिला विचारून तिचं नाव लिहिलं आहे.

डोंगराच्या नावांत मात्र बाई भरपूर सापडते. तैलबैल्याजवळून कोकणात उतरणारा सवाष्णी घाट आहे. चंदेरीच्या रांगेत नवरा-नवरीचे सुळके आहेत. आणि रायगडाची हिरकणी तर सगळ्यांना ठाऊक. दरवाजे बंद झाले म्हणून तान्ह्या बाळासाठी अंधारात कडा उतरून गेलेली गवळण. आख्यायिका आहे, पण तिच्याकडे जरा आपल्या नजरेनं पाहा. आपण तिच्या आईपणाचं कौतुक करतो. तिला तो कडा माहीत होता, याबद्दल कोणी बोलत नाही. अंधारात नुसत्या मायेवर कडा उतरता येत नाही. पाय कुठे ठेवायचा ते ठाऊक असावं लागतं. रोज दूध घेऊन गड चढणाऱ्या बाईला त्या डोंगराची घडण पाठ असणारच.

बाहेरच्या जगात बायकांनी हा प्रश्न कसा सोडवला? १९२१ साली ब्रिटनमध्ये एमिली केली यांच्या पुढाकारानं पिनॅकल क्लब स्थापन झाला, फक्त स्त्रियांचा. कारण पुरुषांच्या दोरावर स्त्रीला सहसा दुसरंच स्थान मिळे. पुढे होऊन वाट शोधायची, निर्णय घ्यायचा, ही संधी मिळत नसे. जपानमध्ये जुन्को ताबेई यांनी १९६९ साली स्त्रियांचा गिर्यारोहण क्लब काढला आणि १९७५ साली एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारी त्या पहिली स्त्री ठरल्या. १९८४ साली आपल्या बचेंद्री पाल चढल्या. आपल्याकडे पुण्याच्या 'गिरिप्रेमी'च्या संस्थापकांत उषःप्रभा पागे आहेत. शिखराची तारीख सगळे पाठ करतात. पण या क्लबांचं मोल तारखेत नाही. तिथे फाट्यावर उभं राहून 'इकडे की तिकडे' हे ठरवणारी स्वतः बाई होती.

हे ठरवणं का महत्त्वाचं, ते सांगते. चार मुलं डोंगरात वाट चुकली, रात्रभर कारवीत अडकली, सकाळी उतरली, तर तो किस्सा होतो. वर्षानुवर्षं रंगवून सांगतात. चार मुली तशाच अडकल्या तर तो पुरावा होतो. 'तरी सांगत होतो.' आणि मग त्या चौघींचंच नव्हे, गावातल्या पुढच्या दहा मुलींचं बाहेर पडणं बंद. पुरुषाला चुकायची मुभा आहे, ती आपल्याला अजून मिळालेली नाही. ती मिळवण्यासाठी आपण भांडूच. तोवर मुलीच्या हातात पुस्तक, होकायंत्र आणि वाट वाचायची अक्कल देणं, हे मला साक्षरतेइतकं महत्त्वाचं वाटतं.

कोणी म्हणेल, आता मोबाइल आहे, त्यात सगळं दिसतं. दिसतं, आणि आम्ही तो वापरतो. पण घळीत आणि कड्याच्या कुशीत सिग्नल भरकटतो, बॅटरी संपते, नेटवर्क नसतं. शिवाय त्यात दिसणारी रेघही कोणाच्या तरी चालण्याचीच असते. तिलाही तेच चार प्रश्न विचारावे लागतात. आणि पुष्कळ घरांत मोबाइल एकच, तो नवऱ्याच्या किंवा भावाच्या खिशात.

तर आता आपण काय करायचं? माझा प्रस्ताव साधा आहे. आपल्या जिल्ह्याची बायकांनी लिहिलेली वाटवही करायची. सुरुवात घरापासून. वऱ्हाडात आपण वाट सांगतो, 'धुऱ्याधुऱ्यानं जा, पांदन लागली का वर चढ.' हीच भाषा ठेवायची. प्रत्येक गटानं आपल्या गावाजवळची एक वाट निवडायची. टेकडीवरची असेल, तांड्याकडे जाणारी असेल, मुलींची शाळेची असेल, प्राथमिक आरोग्य केंद्राची असेल. ती स्वतः चालायची, दोनदा. एकदा पावसाळ्यानंतर, एकदा उन्हाळ्यात. लिहिताना दिशा, वेळ, टिकणाऱ्या खुणा, पाणी, हे तर लिहायचंच. त्याशिवाय शेवटची गाडी किती वाजता, अंधारात कुठे थांबता येईल, कोणत्या घरी बाई आहे, आडोसा कुठे, दारूचा अड्डा कोणत्या वळणावर, हेही लिहायचं. घरांचा आणि माणसांचा उल्लेख त्यांना विचारल्याशिवाय करायचा नाही. आणि ज्या बाईनं वाट सांगितली तिची हरकत नसेल तर तिचं नाव.

लिहून झाली की खरी कसोटी. ती वाट कधी न पाहिलेल्या दुसऱ्या गटाच्या हातात वही द्यायची आणि म्हणायचं, जा. त्या जिथे अडतील तिथलं वाक्य दुरुस्त करायचं. वाटेचं वर्णन बरोबर आहे की नाही हे लिहिणारी ठरवू शकत नाही, तिला वाट आधीच ठाऊक असते. अनोळखी बाई पोचली, तर ते बरोबर.

हिवाळ्यात ज्यांना यायचं असेल त्यांना घेऊन मी नरनाळ्याला जाणार आहे. अकोट तालुक्यात शहानूर गावातून वर जायचं. तो मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, त्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून, त्यांच्या वेळा पाळून. तिथे आपण दोर लावणार नाही. महाकाली दरवाजा पाहू, तटावरून खालचे कडे पाहू, आणि प्रत्येक फाट्यावर तुमच्यातली वेगळी एकजण पुढे असेल. मी शेवटी चालेन.

नावं आजच नोंदवा. घरून कसं सोडतील हा प्रश्न ज्यांना आहे, त्यांनी जेवणानंतर माझ्याजवळ बसावं. त्या वाटेवरही खुणा आहेत, आणि इथे बसलेल्या कितीतरी जणी ती चालून आलेल्या आहेत. त्यांनाच आपण विचारू.